तिसरं शेत

कुसुम : दोनच दिसतायत. तिसरं कुठे गेलं?

अनंत : तिसरं कोण? स्वराली वाघोलीला हॉस्टेलवर गेल्यापासून या घरात आपण दोघंच आहोत.

कुसुम : माझ्या खेळातली शेतं, अहो. खेळ साठवायचे तीन कप्पे, तीन शेतं. तिसरा कप्पा रिकामा आहे.

अनंत : शेतं म्हणे! गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी मी घालतो. आणि आमच्या सौभाग्यवती सदुसष्टाव्या वर्षी टीव्हीवर भोपळे पिकवतात.

कुसुम : मोतीबिंदू काढला म्हणून पंधरा दिवस मी डोळ्यांत थेंब घालून पडून होते. पडदा बघायचा नाही म्हणून हात लावला नाही. आज पहिल्यांदा लावला. तुम्ही काही केलंत का?

अनंत : मी? मी त्या खोक्याकडे ढुंकूनही बघत नाही. नातीने टाकून दिलेलं खेळणं ते.

कुसुम : टाकून नाही दिलं. मला दिलं. थांबा, तिलाच विचारते. स्पीकरवर ठेवते, म्हणजे तुम्हाला दारामागून ऐकायला नको.

स्वराली : हॅलो, आजी! आत्ताच लेक्चर संपलं. डोळा कसा आहे?

कुसुम : डोळा छान आहे. म्हणून तर दिसलं. तिसरा कप्पा रिकामा आहे गं.

स्वराली : काय? तुझा मेन सेव्ह? ऑर्चर्डवाला?

कुसुम : तोच. आंब्याची बाग, डोंगरावरचं घर, सगळं.

स्वराली : असा आपोआप नाही जात, आजी. कुणीतरी डिलीट केल्याशिवाय शक्यच नाही. आणि ते पण चुकून होत नाही. दोनदा विचारतं. दुसऱ्यांदा तर मोठ्ठा मेसेज येतो.

अनंत : मोठा कसला. लाल अक्षरात एक ओळ येते.

स्वराली : आजोबा?

अनंत : म्हणजे, येत असावी. अशा यंत्रांत लाल अक्षरंच असतात.

कुसुम : ढुंकूनही बघत नाही ना तुम्ही?

अनंत : हे बघ, आरडाओरडा नको.

कुसुम : आवाज तुमचा चढलाय. मी बसलेय.

अनंत : ठीक आहे. मी काढला. रीतसर बघून काढला. तेहेतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आहे मी. काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं हे मला कोणी शिकवू नये.

स्वराली : ओ माय गॉड. आजोबा, पण का?

अनंत : एकाच बाईच्या नावावर तीन प्रकरणं! पहिल्यात डॉक्टरशी लग्न, दोन मुलं. निकाली. दुसऱ्यात त्या सुताराशी लग्न, एक मुलगी. निकाली. तिसऱ्यात खेळातली सहा वर्षं उलटली तरी लग्न नाही, मूल नाही, नुसती झाडं. निकाल न लागता पडून राहिलेलं प्रकरण. आमच्याकडे असलं काही विचारायला कुणी येत नसे. ते पहिलं बाहेर जायचं.

कुसुम : पण काढायचं कशाला? जागा अडली होती का तुमची?

अनंत : कढीपत्त्याला पाणी घालायचं राहिलंय.

कुसुम : अहो, मी तुम्हाला विचारतेय.

अनंत : अडली होती.

स्वराली : थांबा थांबा. आजोबा, तुम्हाला स्लॉट हवा होता? तुम्ही खेळलात?

अनंत : खेळलो नाही. तपासून पाहिलं. चार दुपारी.

कुसुम : मी आतल्या खोलीत डोळ्यावर हिरवं फडकं बांधून पडलेली असताना.

अनंत : घरात आवाज नव्हता कसला. एरवी तीन वाजता तुझ्या त्या कोंबड्या ओरडायला लागतात.

कुसुम : म्हणजे करमत नव्हतं.

अनंत : असं मी म्हटलेलं नाही.

कुसुम : वर्षभर मला पोरकट म्हणालात. शेजारच्या गोडबोल्यांच्या सूनबाईसमोर म्हणालात, ‘आमची हिला म्हातारचळ लागलाय.’ ती बिचारी चहा टाकून उठली.

अनंत : तो खेळ आहेच भिकार! मी तपासून पाहिला म्हणूनच सांगतोय. रोज तीच टोपीवाली बाई दार वाजवते. तेच स्वागत, तीच बियाण्याची पिशवी. चारही दिवस मी उठून तिचे आभार मानले. आदल्या दिवशी लावलेलं काही उगवलेलं नाही. शेत पुन्हा दगडधोंड्यांचं. याला शेती म्हणतात?

स्वराली : आजोबा, एक सांगा. बंद करताना काय करायचात?

अनंत : भिंतीवरचं बटण बंद करायचो. या घरातलं प्रत्येक बटण मी करतो तसं.

स्वराली : आणि त्याआधी तुमच्या शेतकऱ्याला बेडवर नेऊन झोपवायचात का?

अनंत : भर दुपारी त्याला झोपवू कशाला?

कुसुम : झोपल्याशिवाय तो खेळ काही लक्षात ठेवत नाही, अहो. घरात जायचं, गादीवर पडायचं, दिवस संपवायचा. मग जे केलं ते राहतं. नाहीतर तो दिवस झालाच नाही.

अनंत : झालाच नाही? मी दीड तास दगड फोडले!

कुसुम : फोडले असतील.

अनंत : आणि मध्येच उठायचं झालं तर? गॅसवाला आला तर? हा कुठला कारभार? आमच्या कचेरीत पाच वाजले की असेल तिथे रेघ मारून सही करायचे. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

स्वराली : काही गेम्समध्ये असतं तसं. कुठेही थांबा, सेव्ह करा. यात नाही. यात दिवस पूर्ण करावा लागतो.

कुसुम : मला ते आवडतं. अर्धा टाकलेला दिवस मोजत नाहीत.

अनंत : मग माझे ते चार दिवस...

कुसुम : चार नाहीत. एकही नाही. आणि जो कप्पा रिकामा करायला माझी बाग काढलीत, त्यात अजूनही काहीच नाही. शाबास!

स्वराली : आजी, एक चान्स आहे. ऑनलाइन बॅकअप असेल तर परत येईल. मी जोडून दिलं होतं ना नेट?

कुसुम : तू गेलीस त्याच दिवशी यांनी तोडलं.

अनंत : शेती आपल्या दिवाणखान्यात. तिची प्रत परदेशातल्या कुणाच्या तरी कपाटात कशाला?

स्वराली : मग गेलं. सॉरी, आजी. खरंच गेलं. किती तास होते?

कुसुम : दोनशे चाळीस.

अनंत : तास मोजतं ते?

कुसुम : मोजतं. तुम्ही काढलंत तेव्हाही समोर लिहिलेलं असणार. वाचलं नाहीत.

अनंत : अगं पण दोन आहेत ना शिल्लक! चांगली, संसाराची. त्यातलं एक चालव पुढे.

कुसुम : त्यातलं? त्या डॉक्टरशी लग्न केलं. लग्नाआधी रोज माझ्या कुंपणापाशी फुलं घेऊन उभा राहायचा. लग्न झाल्यावर दिवसभर दवाखान्यात. संध्याकाळी आला की दारातून एकच वाक्य. ‘जेवायला काय आहे?’

स्वराली : आजी...

कुसुम : तो सुतारही तसलाच. मी बारा एकर नांगरून घरी यायचे आणि हा मला सांगायचा की आज त्याला दमल्यासारखं वाटतंय. हे बघायला मला खेळ कशाला हवा? हे मला फुकट आहे.

अनंत : माझ्यावर घसरू नकोस.

कुसुम : घसरले नाही. नेम धरलाय. ती दोन नुसती करून पाहिली. तिसरं माझं होतं. त्यात सहा वर्षांत गावातल्या पाच जणांनी मला मागणी घातली. डॉक्टर दोनदा आला. मी प्रत्येकाला नाही म्हटलं.

अनंत : पाचही जणांना?

कुसुम : पाचही जणांना. नाही म्हटलं की ते मान खाली घालतात, निघून जातात, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर नीट नमस्कार करतात. कुणाचं काही बिघडत नाही. मला हे माहीतच नव्हतं.

स्वराली : आजोबा, आजीला ॲग्रिकल्चर कॉलेजला ॲडमिशन मिळाली होती, तुम्हाला माहितीये ना?

अनंत : ते शहात्तर सालचं. ऐकलंय मी. तेव्हा मुलींना शेतकी कॉलेजात कोण पाठवायचं?

कुसुम : मला पाठवत होते. फी भरायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात तुमच्या आत्याबाई आल्या पोहे खायला. मला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. चष्मा आहे का बघायला. तुम्ही कोपऱ्यात बसून दुसरी बशी मागितलीत.

अनंत : पोहे चांगले होते.

कुसुम : दारातूनच आत्याबाई म्हणाल्या, मुलगी पसंत आहे. झालं. तुमच्या भाषेत निकाली.

अनंत : अठ्ठेचाळीस वर्षांत तू हे कधी बोलली नाहीस.

कुसुम : कुणी विचारायला आलं नाही.

स्वराली : आजी, मी रविवारी येते. आपण मिळून परत सुरू करू. मी फास्ट करून देईन तुला.

कुसुम : ये तू, पण बागेला हात लावायचा नाही. आंबा यायचा तेव्हा येईल. ठेवते.

(ती फोन ठेवते. थोड्या वेळाने टीव्हीवर खेळाचं संगीत सुरू होतं. अनंत उठून कोपऱ्यातलं नेटचं बटण चालू करतो आणि पुन्हा येऊन बसतो.)

कुसुम : ते कशाला?

अनंत : प्रत राहू दे एक. कपाटात.

कुसुम : उशीर झाला.

अनंत : माहीत आहे. मी इथे बसू का?

कुसुम : बसा. सल्ले देऊ नका.

अनंत : तिसऱ्याच कप्प्यात?

कुसुम : तिसऱ्याच.

अनंत : नाव काय घालतेस? ‘दातार’? हे तुझं माहेरचं.

कुसुम : पूर्वीही तेच होतं. वाचलं नाहीत.

अनंत : ती बघ आली टोपीवाली. आभार मान तिचे.

कुसुम : सल्ले नकोत म्हटलं ना!

अनंत : बरं. कुसुम, एक विचारू? या वेळी तरी लग्न करणार आहेस का?

कुसुम : कुणाशी?

अनंत : कुणाशी म्हणजे... समजा, मीच विचारलं.

कुसुम : विचारा की मग. नीट विचारा.

अनंत : माझ्याशी लग्न करशील?

कुसुम : नाही. सरका जरा, विहीर दिसत नाहीये.