पुजलेला उंबरा

पायऱ्या काढून उतार बांधला की झालं, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होतं बरं का. धाकटे भाऊजी लढाईत दोन्ही पाय गमावून चाकांच्या खुर्चीत आले होते. म्हणून विश्रामबागेतल्या नव्या घराला ह्यांनी दारापर्यंत उतार करून घेतला. उंबरा मात्र सासूबाईंनी हट्टानं चांगला उंच, सागवानी बसवला. नवी सून, म्हणजे मी, रोज पुजणार, म्हणे. वास्तुशांतीच्या सकाळी मी त्याला पहिलं हळदकुंकू वाहिलं.

भाऊजी स्वतःच चाकं ढकलत उतार चढले आणि उंबऱ्याशी अडले. दोघंजण उचलायला धावले.

"हात लावू नका," भाऊजी म्हणाले. "उचलूनच न्यायचं असंल तर मी आपला दवाखान्यात परत जातो." मग माझ्याकडं बघून हसले. "वैनी, तुमी माप वलांडून आत आला. मी कसं वलांडू?"

मला मान वर करवेना. सासूबाईंनी वास्तुशांतीला आलेल्या सुताराला हाक मारली, "उंबरा काढ."

"आवं काकू, आत्ताच पुजलाय. देव हाय त्यो!"

"असंल," सासूबाई म्हणाल्या. "पर माज्या लेकाच्या वाटंत बसलाय."