आईच्या शिवणक्लासचं नाव

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेशेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"बाबा, आपल्या मेल सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र नवं करतेय. त्यात नाव असेल तोच पत्ता फोन सुरक्षित मानतो. दुकानाचं नाव घातलं, दादाच्या कारखान्याचंही घातलं. आई गेल्यापासून शिवणक्लास बंदच आहे, तर ते नाव गाळू?"

"गाळलं तर काय होईल?"

"त्या पत्त्यावरची मेल उघडताना फोन दरवेळी बजावेल, इथे धोका आहे, पुढे जाऊ नका. पण उघडतंय कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"तिनं मला लिहिलेलं सगळं तिथंच आहे. डबा विसरलो म्हणून झापलंय, ते तर रोज वाचतो."

शिक्षिकेचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

"बाबा..."

"लग्नाआधी तिच्याकडे जाण्यापासून मला अडवणं तुझ्या आजोबांना जमलं नाही, ते या फोनला जमणार होय?"

"घातलं हो, बाबा. सगळ्यांच्या आधी घातलं."