टोपीवाला कोल्हा

— नाही गं, कॅमेरा लाव असं मी म्हणतच नाहीये, बेगायिम, राहू दे तो कोल्ह्याचा मुखवटा तुझ्या तोंडावर, पण बोल ना! दहा मिनिटं मी एकटीच बडबडतेय आणि पडद्यावर तुझा टोपीवाला कोल्हा नुसता डोळे मिचकावतोय. आवाज येतोय माझा? येतोय, माइकचा हिरवा दिवा दिसतोय मला. मग? कोल्हा काकडीला राजी म्हणतात, इथे तर मी काकड्यांचा ढीग ओतला तरी — आपल्या बाईंना साधं ‘गुड मॉर्निंग, राखात एजे’ एवढंही नाही?

रागावली आहेस. कशावर ते ठाऊक आहे मला. जिल्ह्याचे साहेब वर्ग बघायला आले, आणि माझी जीभ खाजली — बघा म्हटलं, दोन वर्षं वर्गात तोंड शिवून बसलेली पोर कोल्ह्याआडून कशी इंग्रजी बोलते! तुला न विचारता तुझं रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर लावलं. कोल्ह्याच्या नि कोंबडीच्या गप्पा — आज काय जेवलीस, थंडी वाजते का. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मला प्रशस्तिपत्र दिलं — जळो ते प्रशस्तिपत्र! आणि मग शेवटच्या बाकावर पालकांत तुझे बाबा दिसले. पण त्यांना कुठे इंग्रजी येतं? आवाजही हे यंत्र सगळ्यांचे बदलून टाकतं. कोंबडी हसली तेव्हा ते उठून बाहेर गेले खरे — सिगारेट ओढायला गेले असतील. असंच ना?

आज रविवार, बाबा अत-बाशीच्या गुरांच्या बाजाराला गेलेले, घरी कोणी नाही, म्हणून स्पष्टच सांगते. दर गुरुवारी तुम्हा दोघींचा हा फोन ठरलेला, आणि तुझी आई दोन गुरुवार वाट बघून गेली. तिकडे मॉस्कोत शिवणाच्या कारखान्यात जेवायला अर्धा तास मिळतो, तो ती उपाशी जिन्यात बसून काढते, कोंबडीचं तोंड लावून. मला विचारते, माझी बेगायिम बरी आहे ना? काय सांगू मी तिला? अगं, तुम्हा दोघींना बोलता यावं, बाबांनी फोनमध्ये डोकावलं तरी अभ्यासच दिसावा, म्हणून तर तिलाही मी इंग्रजी शिकवलं. बाबांनी आईचं नाव काढायचं नाही अशी शपथ घातलीय, कोंबडीचं कुठे घातलीय — तूच म्हणालीस ना हे? तेव्हा पहिल्यांदा हसताना ऐकलं मी तुला. येता गुरुवार बुडवू नकोस, बाळ. माझ्यावर राग काढ, तिच्यावर नको.

हललं! कोल्ह्याचं तोंड हललं! काय म्हणालीस? खोकलीस? सर्दी झालीय का तुला, पुन्हा एकदा —

हा खोकला... शब्दांचा आवाज बदलतं हे यंत्र, खोकल्याचा नाही...

कुबात बाइके? बेगायिमचे बाबा?

तुम्ही — बाजाराला नाही गेलात? नाही, ते कोंबडी म्हणजे आमचा धडा आहे, चौथा, पाळीव प्राणी, त्यात कोंबडी येते, बदक येतं... बरं. असू दे. कोंबडी म्हणजे तुमची जिपारच, बेगायिमची आई. सगळं मी जुळवलं, पोरीचा काडीचा दोष नाही. मला शिव्या द्या, उद्या शाळेत येऊन तमाशा करा, पण गुरुवारी हा फोन तिच्या हातात द्या. अर्धा तास फक्त. तुमचं नवरा-बायकोचं काय असेल ते असो, तिला तर आई आहे ना? हो म्हणा. नाही तर नाही म्हणा. पण बोला, बाइके, असे डोळे नका मिचकावू!

हां — बोलताय? तोंड तर भराभर हलतंय, शब्द कळत नाहीयेत. हसताय तुम्ही? नाही... हे तुम्ही नाही, हे कुणाचं तरी रडणं आहे. लांबून येतोय. बेगायिम? तू तिथेच आहेस? पहिल्यापासून तिथेच होतीस? रडू नको, बाळ, मला काय माहीत गं, मला वाटलं तूच — थांबा, बंद नका करू, बाइके, बंद न —