पाहुण्यांचा दिवाण

हॅलो? … हॅलो, साळू? … हो, मीच केला होता मघाशी. रानात असशील म्हणून ठेवून दिला… नाही, नाही, सगळे बरे आहेत. ह्यांची शुगरही ताब्यात आहे. घाबरू नकोस.

सुलेखाताईंनी पोथी मिटून कपाळाला लावली आणि फोन कानाशी धरून त्या हॉलमध्ये आल्या. कपाट गेलं होतं, शोकेस गेली होती, भिंतीवर त्यांच्या मापाचे फिके चट्टे तेवढे उरले होते. मधोमध दिवाण होता. त्याच्या कडेला त्या टेकल्या. पलीकडे देवगाव रंगारीहून धाकटी जाऊ बोलत होती आणि तिच्या मागे शेळी ओरडत होती.

अगं, ऐक ना… निघालो आम्ही. रविवारी. … हो, सार्थककडं, पुण्याला. … आता कायमचंच म्हणायचं. फ्लॅट विकला ना, तुला सांगितलं होतं की. … सगळं कुठलं नेतेय. त्याच्या घरात जागा किती? सूनबाई म्हणाली, आई, देव आणा, भांडी आणा, लाकूड नका आणू. … वाईट नाही गं बोलली. खरंच जागा नाही.

तर फोन कशाला केला… हा दिवाण आहे ना आपला. … हो, हॉलमधला. तो तुम्ही न्या. … न्या म्हणजे न्या. तुझा गोकुळ आज कांदे घेऊन मार्केटला आलाय ना? टेम्पो रिकामाच परत जाणार. जाता जाता टाकून नेईल. … पैसे? तुझ्याकडून पैसे घेऊ का मी? … अगं, असाच. … फुकट म्हण हवं तर.

सुलेखाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

साळू? … आहेस ना? … काय झालं? … अगं बाई. … अगं, ते वेगळं. ते तेराव्याचं. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं पलंग-गादी देतात, ते दान. हा तसा नाही. … हे बसलेत की आत पेपर वाचत. चांगले धडधाकट आहेत. … म्हणूनच नको?

…

हो. म्हणाले होते. … आप्पासाहेबांच्या तेराव्याला. मीच. … त्यांची बाज तुझ्या भावाला द्यायची नाही, झोपायची वस्तू कुणी कुणाकडून फुकट घेऊ नये… सगळ्यांपुढं? … भावजय पण होती तुझी? … मी कुठं जोरात बोलते गं. … हळू बोलले, पण बोलले. बरं. … नऊ वर्षं झाली, साळू.

सुलेखाताईंनी चादरीची घडी सारखी केली. त्यांचे सोमवार, गुरुवार, एकादश्या, चातुर्मास कधी चुकला नव्हता. काय चालतं, काय चालत नाही, हे घरातल्या सगळ्या बायका त्यांनाच विचारत. साळूनं त्या दिवशी मान खाली घालून ऐकलं होतं, आणि सासऱ्यांची ती बाज गोठ्याच्या मागं पावसात सडून गेली होती.

चुकलंच माझं. … नाही, खरंच. तुझ्या भावाला पाठीचा त्रास होता, मला माहीत होतं. … बोल, बोल. मी ऐकतेय.

… हं. … हं.

पण आज असं करू नको, साळू. चार वाजता जहांगीरभाई येतोय. … जुन्या सामानाचा, शहागंजातला. … माणूस चांगला आहे, तोंडावर सांगितलं त्यानं. अम्मा, इत्ता बडा दिवान अब कोई नई लेता, तोड के लकडी निकालनी पडेगी. … हो, तोडूनच. … सागवान आहे गं. पाचोडचा मिस्त्री अठरा दिवस इथं बसून करत होता. भुसा डाळीत यायचा.

… तुला आठवतं? गोकुळच्या वेळेस बाळंतपणाला घाटी दवाखान्यात नाव घातलं, एकवीस दिवस तू इथं होतीस. … आणि आप्पासाहेब, मोतीबिंदू काढला तेव्हा? … हो, डोळ्याला हिरवी पट्टी, आणि फ्रीज सुरू झाला की म्हणायचे, कोण आलंय बघा, चहा टाका. … आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून… हो, आणि तू खरंच टाकलास चहा.

गोकुळ तर दोन वर्षं. … बारावीच्या निकालाला दिवाणावर पालथा पडून राहिला. तीन हाका मारल्या, उठेना. मग भजी तळायला घेतली, तर विचारतो, कांद्याची का बटाट्याची? … अजून तसाच?

एक पाहुणा उठला की दुसरा. धोबी विचारायचा, ताई, लॉज काढलाय का? …

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज खाली आला.

तिथं कोण येणार गं? … दहावा मजला. खाली वॉचमन नाव लिहून घेतो, मग वर फोन करून विचारतो, सोडू का. … सार्थक नाही म्हणणार नाही. तूच येणार नाहीस. … येईन म्हणू नको, साळू. आज माझा गुरुवार आहे, खोटं ऐकवू नको. … हं. नाहीच येणार तू. तेच म्हणतेय.

… काय? बदल्यात ज्वारीचं पोतं? … नको. ते विकल्यासारखं होतं. पाहुण्यांचं अंथरूण विकायचं, हे नाही होत माझ्याच्यानं. … फुकट तू घेणार नाहीस, विकत मी देणार नाही. मग घाल त्या जहांगीरभाईच्या कुऱ्हाडीखाली.

… थांब. थांब जरा.

साळू, तू घेऊच नको. … ऐक तर. ठेव. … ठेवायला देते मी. तुझा नाही, माझाच. मग कसलं दान आणि कसला दोष? … पोथीत आहे का, ते मला नको विचारू. आजपासून कुणी मला विचारायचंच नाही. … कुणी विचारलं तर सांग, मोठ्या जाऊबाईंचा आहे. … मोडला तर मोडला. पोरांना नाचू दे.

… परत? परत नेणार नाही. मी येईन. … माझी वस्तू आहे, बघायला नको का यायला? … चातुर्मास झाला की. … दोन दिवस कशाला, चांगली महिनाभर राहीन. हाकलशील का? … बघ हं.

… एक सांगू? तीस वर्षांत मी ह्यावर एक रात्र झोपले नाही. … खरंच. कोणी ना कोणी असायचंच. … हसू नको. कसा वाटतो गं झोपायला?

… टोचतो? … मधली फळी? … पहिल्यापासून? … आप्पासाहेबांना पण माहीत होतं?

सुलेखाताईंनी गादीखाली हात घालून चाचपलं. फळीची वर आलेली कड बोटांना लागली.

आणि एकवीस दिवस तू पोटुशी त्यावर झोपलीस. बोलली का नाहीस, वेडे? …

… हं. … हं.

… ठेवते आता. गोकुळला फोन लाव. म्हणावं, दोर जास्त घे, आणि जेवायलाच ये. भजी करते.