चार बोटं वर

गोठलेल्या सरोवराकाठच्या देने या उत्तरेकडच्या आदिवासींच्या वस्तीत दुकान एकच, त्यामुळे रांगही लांबच. नोएलीनच्या पुढे आगाथाकाकू आणि त्यांचा शेजारी इझिडोर उभे होते, आणि नोएलीनचे कान कधीच टवकारले होते.

“इझिडोर, माझ्या फासातला ससा गेला रे.”

“रानमांजरानं नेला असेल, काकू.”

“रानमांजर बर्फावर रक्त सांडतं, केस सांडतं. तिथे काहीच नाही. आज बहीण इस्पितळातून घरी येतेय. तिला सशाचा रस्सा कबूल केलाय मी.”

“मग माझ्याकडे असं काय बघताय?”

“नेणाऱ्यानं तारेचा फास पुन्हा लावूनसुद्धा ठेवलाय.”

“म्हणजे भला माणूस दिसतोय.”

“भला कसला, अडाणी! इतका वर लावलाय, की ससा टोपी घालून खालून जाईल.”

“वर कुठे? चारच बोटं तर आहे! बर्फ पडायला लागलं होतं. जुन्याच उंचीवर ठेवला असता तर फास पार बुडाला असता, म्हणून तर मी...”

इझिडोरनं जीभ चावली. नोएलीननं मफलर तोंडात कोंबला.

“बरं,” आगाथाकाकू म्हणाल्या, “रस्सा घेऊन कधी येतोस?”