छबूनं पाटल्या परत आणून दिल्या

बन्सीलाल काकांच्या शहाद्याच्या घरात दुपारची निजानीज झाली होती. स्वयंपाकघरात मांजरीनं पातेल्यावरची ताटली पाडली. तिचा नाद विरतो न विरतो तोच बैठकीतला फोन खणखणला. लोणखेड्याहून सकाळीच येऊन बसलेली प्रमिला कडेवरच्या छबूसकट धावली. छबू पाच वर्षांची. जन्मापासून ना धड दिसत, ना ऐकू येत.

"हॅलो? हॅलो! अहो, मीच बोलतेय… माझी तार मिळाली ना? आधी सांगा, सही केली का?… नाही? हुश्श. मग पेन खाली ठेवा… खिशात नाही, टेबलावर.

हो, हो, छबू बरी आहे. कडेवरच आहे… रडतेय कुठे, हसतेय मी! अहो ऐका ना, तीनच मिनिटं आहेत. तिला जन्मभर तिकडं धुळ्याच्या संस्थेत ठेवायचं ते कशावरून? तिथल्या डॉक्टरांनी काय लिहिलंय, वाचा… हां. 'आईलाही ओळखत नाही. कोणाशीच नातं नाही. मनानंच मिटलेली'… हो, तोच इंग्रजी शब्द, ऑटिझम.

तर मला सांगा, दाखवायला गेलो तो दिवस कोणता?… तुम्हाला कसा आठवेल! धुडकूभाऊजींच्या लग्नाचा दुसरा दिवस. आणि माझ्या हातात काय होतं?… डबा नाही हो! मनगटात, मनगटात!

चुडा! कोपरापर्यंत काचेचा चुडा. माझ्या पाटल्या तुमच्या आईनं काढून ठेवायला लावलेल्या… आता पडला उजेड? तिनं माझं तोंड कधी पाहिलंय? तिची आई म्हणजे त्या दोन झिजलेल्या पाटल्या. परकी खोली, सगळीकडं स्पिरिटचा वास, आणि मनगट भलतंच! मला चावली म्हणता, चावणार नाही तर काय करील? उद्या तुमच्या धडावर भाऊजींचं तोंड बसलं, तर मीही चावेन… हसू नका, मिनिटं जातात!"

बन्सीलाल काका डोळे चोळत दारात आले आणि हातानंच 'काय?' म्हणाले. प्रमिलेनं फोनवर तळवा दाबला.

"काका, थांबा ना, मन्हं बोलनं बाकी शे!… हं, बोला… नाही हो, हे माझ्या मनाचं नाही. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलंय. त्या लिहितात, जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिला डोळस पोरांच्या मापानं मोजू नका. झुलते, हात फडफडवते, तेवढ्यावरून काही ठरत नाही. आधी तिच्या वाटेनं तिच्याशी बोला. तरीही ती माणसाकडं वळली नाही, तर मग तो शब्द… असेल, तेही असू शकेल म्हणतात. असू दे की! पण पारख तरी नीट व्हावी… केली ना मी! काल.

त्या पाटल्या मी तुमच्या धनुताईंच्या हातात घातल्या. छबू गेली, मनगट चाचपलं. मग तळवा हुंगला… हो, हुंगला. आणि थबकली. मी चुलीपाशी श्वास धरून उभी. अहो, तिनं एकेक पाटली उपसून काढली! ताई ओरडतायत, 'माय वं, कातडी निघनी!' आणि ही पाटल्या छातीशी धरून, भिंत चाचपत, खांब चाचपत, थेट माझ्यापर्यंत. माझा हात हुडकला आणि त्यात घातल्या. खाऊ नको, पाणी नको, काही मागितलं नाही. माझ्या त्या मला आणून दिल्या!…

अहो?… ऐकताय ना?… रडा, रडा. तिकडं ओळखीचं कोण आहे बघायला!…

परत दिला? कागद परत दिला तुम्ही?… काय म्हणाले ते?… 'पस्तावाल'? त्यांना सांगा, पस्तावायचंच तर घरी बसून पस्तावू, पोरीला मांडीवर घेऊन!… काका, नही करी त्यासनी सही! नही करी!… ऑपरेटरताई, अजून एक मिनिट द्या हो, एकच!"

एवढ्यात छबूचा हात फोनवर आला. त्या काळ्या दांडीत काहीतरी थरथरत होतं. तिनं दुसरा हात आईच्या गळ्यावर ठेवला. तिथंही तसंच थरथरत होतं. पुन्हा फोन, पुन्हा गळा. मग ती कडेवरून उतरली आणि तिची बोटं वायरीवरून खाली, खाली, भिंतीपर्यंत गेली. भिंत तिनं वरपासून खालपर्यंत चाचपली. माणूस नव्हतं.

"अहो, बोलत राहा… काहीही बोला. तिला तुम्ही लागलात हाताला!… हॅलो?… अहो?"

लाइन गेली. थरथर थांबली.

छबूनं आईचा हात ओढून वायर भिंतीत शिरत होती तिथं टेकवला, त्या हातावर दोनदा बोट आपटलं आणि मान वर करून थांबली. आजवर तिनं मागितलं होतं, ढकललं होतं, दिलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

प्रमिला तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. डोळे वाहत होते, तोंड हसत होतं. पण धुळं पोरीच्या तळव्यावर कसं ठेवायचं, ते काही तिला येत नव्हतं.

छबूनं पुन्हा बोट आपटलं.