हाल्डेन हॉलचा दुसरा मजला

नाही, त्या दारानं नको, मिस्टर तोरगर्सन, इकडून या – हे वरचं दार, हिरवळीकडचं, आणि आम्ही कॉलेजातली माणसं मजले इथूनच मोजतो, म्हणजे तुम्ही आत्ता उभे आहात तो पहिला, पण खालून, गाड्या लावतात तिकडून आलात तर हाच तिसरा होतो – इमारत उतारावर बांधलीय ना, इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लॉइड, इथल्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. डीनबाई म्हणाल्या, त्यांना त्यांच्या मुलीचा, ब्रिनचा वर्ग दाखव, फार बोलू नकोस – तर मी बोलत नाही.

सावकाश चढा. हां, हाच वर्ग. भिंतीला नवा रंग दिलाय, फक्त रेडिएटरच्या मागं ब्रश पोचला नाही, तिकडं बघू नका. बघितलंत. असू दे. त्या दिवशी तो बंदूकवाला या दारातून आला, बंदूक कोटाखाली, आधी प्राध्यापकांच्या तोंडावर गोळी मारली, मग बाकामागून बाक, रांगेनं, हजेरी घेतात तसं – एकानं खिडकी फोडली, अर्धा बाहेर गेला होता, त्याला पायाला धरून आत ओढलं आणि – तुमच्या ब्रिनला काही कळलं नाही हो, क्षणात गेली, सगळ्याच आईबापांना मी हे सांगतो.

पोलीस? पोलीस चार मिनिटांत आले की, त्यांना कशाला नावं ठेवायची. फोनवर वर्गातल्या एका पोरीनं दुसरा मजला सांगितलं, बरोबर सांगितलं, पण ते आले गाड्यांच्या बाजूनं, आणि त्यांच्या हातात होता प्रवेशाच्या पुस्तिकेतला नकाशा, कॉलेजनं त्यांना दिलेला तेवढाच – त्यात झाडं आहेत, कारंजं आहे, टोपी घातलेली खार आहे, जिना एकही नाही. त्यांचा दुसरा मजला म्हणजे आमचं तळघर. तिथं त्यांनी लाथा घालून चार दारं फोडली, आत झाडू आणि रंगाचे डबे, आणि वर गोळ्या चालूच – नऊ मिनिटं. माझ्या दारावरून बूट दोनदा गेले, एकदा तिकडं, एकदा परत.

हो, मी तिथंच होतो. बॉयलरच्या खोलीत, आतून कडी लावून. माझ्याकडे नकाशा होता – खरा, मीच काढलेला, प्रत्येक दार, कुठलं कुठं उघडतं, कुठल्या बाजूनं कितवा मजला. तीन वर्षांपूर्वी वर साहेबांना नेऊन दाखवला तर म्हणाले, पोलिसांना कशाला, एखाद्या पालकाच्या हाती लागला तर घाबरून पोरांची नावं काढून घेतील, ठेव खणात. ठेवला. त्या दिवशी खणातून काढला, हातात घेतला, आणि कडी काही काढली नाही. तो बंदूकवाला खाली येईल असं वाटत होतं. बरं, वरच्या रेडिएटरांचे गरम पाण्याचे नळ सगळे माझ्याच खोलीत उतरतात, वरचं सगळं ऐकू येतं – कुणीतरी रेडिएटरवर बाटली आपटत होतं, ठण, ठण, थांबायचं, पुन्हा ठण. मी मोजत होतो. आठव्या मिनिटापर्यंत. तुम्हाला सामानाबरोबर ती बाटली मिळाली असेल ना, निळी, बुडाशी चेपलेली –

नाही, म्हणजे, मघाशी मी क्षणात म्हणालो.

असं बघू नका. गुरुवारी तुम्ही पालकांनी मागितलेल्या त्या कायद्यावर समिती बसतेय, प्रत्येक कॉलेजनं पोलिसांना, बंबवाल्यांना नीट नकाशे दिलेच पाहिजेत म्हणून, आणि आमचे साहेब तिथं सांगणार आहेत की आम्ही नकाशे दिले होते, कायद्याची गरजच नाही. तो खारीचा नकाशा दाखवणार ते. मी त्यांच्या मागं बसायचं, मान डोलवायची, असं ठरलंय.

मुठी वळल्यात तुमच्या. मारा हवं तर, मी हात खाली ठेवतो. पण तोंडावर नको, गुरुवारपर्यंत तरी नको – मला तिथं उभं राहून बोलायचंय, त्या बाटलीसकट सगळं, आणि तुटक्या जबड्याच्या माणसाचं कोण ऐकून घेतं. बोलून झालं की तिथंच बाहेर पायऱ्यांवर या, मी थांबेन. आता निघा, मिस्टर तोरगर्सन. जा म्हणतो ना.